शबनमची पेटी

देगलूर नाका, नांदेड
७ जानेवारी १९९७

शेषेराव मास्तरांना जलील साईसचा सलाम.

मास्तर, खुर्चीत नीट बसून वाच. मी विमानात बसणार आहे. खुर्चीत नाही, घोडीजवळ.

शबनम विकली गेली. तीच, जिची आई तिला विताना मेली आणि जिला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. दुबईच्या एका मोठ्या तबेल्याचा माणूस आमच्या दौंडकडच्या फार्मवर आला, तिला चालवून बघितलं, दात बघितले आणि मालकाशी हात मिळवून गेला. आता तिला विमानातून पाठवायची. मालक म्हणाले, जलील, घोडी तुझ्याशिवाय पाय उचलत नाही, तूच जा सोबत. म्हणून पासपोर्टसाठी नांदेडला आलो. चौकशीला पोलीस घरी आला. म्हणे, दुबईला काय काम? म्हटलं, घोडीला धरून उभं राहायचं. त्यानं दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी 'मदतनीस' लिहून चहा पिऊन गेला.

गौसिया तर रोज एकच विचारते, एवढं जनावर आभाळात उभं कसं राहील? मलाही नीट कळलेलं नाही. फार्मच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं : लाकडाची मोठी पेटी असते, आत अरुंद कप्पा. घोडीला वळता येत नाही, बसता येत नाही. यंत्रानं पेटी उचलून विमानाच्या पोटात ढकलतात. बाकीचा सगळा माल, माणसं दोन-चार. पूर्ण वाट घोडी उभीच.

आणि एक गोष्ट त्यांनी हळूच सांगितली, ती गौसियाला सांगितली नाही. घोडी बिथरली आणि पेटी फोडायला लागली, तर विमानाला धोका. मग डॉक्टरजवळ एक सुई असते. ती दिली की घोडी परत उठत नाही.

शबनम आता मुंबईला आहे. जायच्या आधी महिनाभर जनावराला वेगळं ठेवून तपासतात, तिथं मला मनाई. एकटी राहिली तर चारा सोडते, म्हणून सोबत रेशमला पाठवलंय. रेशम तिच्याच बापाची, तिच्याच वयाची, तसाच कुमैत तांबडा रंग, कपाळावर तसाच पांढरा टिक्का. ती दुसऱ्या साईसाकडची. महिना झाला की ती ट्रकनं परत येईल आणि शबनम जाईल.

चार दिवसांनी रोजे लागतील. ईद इथंच करून मुंबईला जाईन. तू पोरांना फिजिक्स शिकवतोस, तर सांग, चार-पाच क्विंटलची घोडी आत नाचली तर विमान कलंडतं का?

तुझा
जलील

•

लातूर
१६ जानेवारी १९९७

प्रिय जलील,

तुझं पत्र सकाळच्या बॅचला वाचून दाखवलं. पोरं हसली, पण नायगावच्या एका मुलीनं वहीत लगेच गणित मांडलं. तिचं उत्तर असं की एका घोडीनं विमान कलंडत नाही. पेटी बांधलेली असते, म्हणजे घोडी नाचली तरी तिचं वजन तिथंच राहतं. भीती लाथेची आहे, वजनाची नाही. बरोबर आहे तिचं.

दुसरी गोष्ट कानाची. वर चढताना आणि खाली उतरताना कानांना दडे बसतात. माणूस थुंकी गिळतो, घोडीला ते सांगता येत नाही. त्या वेळी तिच्या तोंडात काहीतरी राहू दे. चघळत राहिली, गिळत राहिली, तर कान मोकळे होतील.

इथं पाय ठेवायला जागा नाही. सकाळी सहाला पहिली बॅच. नांदेड, उदगीर, परभणी, कुठून कुठून पोरं येतात. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडं म्हशी होत्या, त्यांनी गोठे पाडून खोल्या बांधल्या. मीही बरा आहे. शिकवत असलो की बरा असतो.

परवा शिवप्पा आला होता. तुला आठवत असेल, गावात आमच्या भिंतीला भिंत लागून होता तो. आता नव्या गावठाणात पत्र्याच्या घरात एकटाच राहतो. त्याची बायको नागम्मा सापडली नाही ती नाहीच. भूकंपाला साडेतीन वर्षं होत आली, तरी हा अजून इस्पितळं फिरतो. कुणीतरी त्याला सांगितलं, डोक्याला मार लागलेल्या बायका नाव-गाव विसरतात. सोलापूरला निघाला होता. चहा पाजला, यष्टीत बसवून दिलं.

जलील, त्याच्याकडं बघितलं की वाटतं, त्या दिवशी तू नसतास तर मीही असाच फिरत असतो. माझे डोळे काम करत नव्हते. तू बघितलंस आणि म्हणालास, 'हाव, वहिनीच आहेत.' त्या एका शब्दावर मी कावेरीला अग्नी दिला.

असो. विमानात खिडकी असली तर खाली बघ.

तुझा
शेषेराव

•

मुंबई
१८ फेब्रुवारी १९९७

मास्तर,

जाऊन आलो. जिवंत आहे, घोडीही जिवंत आहे. पण कुठली घोडी जिवंत आहे ते मला कळून नाही राहिलं. पहिल्यापासून सांगतो.

विमानतळाच्या मागं मालाची शेड आहे. तिथं पेटी उभी होती, वर शबनमचं नाव रंगवलेलं. आत बघितलं. डोक्याला गादीचं टोपडं, पायांना पट्ट्या, शांत राहायचं औषध दिलेलं. मी जीभ टाळूला लावून टक् केलं. शबनम कुठंही असू दे, हा आवाज आला की ओठ माझ्या खांद्यावर ठेवते. ही हलली नाही. कानसुद्धा फिरवला नाही.

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, ही शबनम नाही. रेशम घातली तुम्ही."

ते चिडले. "जलील, वेळ काय, तू बोलतो काय?" त्यांनी तिचा कागद काढला. घोडीचाही पासपोर्ट असतो, त्यात तिचं चित्र काढलेलं असतं, शिंगरू असतानाचं. अंगावर केसांचे भोवरे कुठं कुठं आहेत त्याच्या खुणा. भोवरा कधी बदलत नाही, आपल्या माळेगावच्या बाजारातला व्यापारीही तेच सांगतो. डॉक्टरांनी बॅटरी धरली आणि एकेक खूण दाखवली. कपाळावर टिक्क्याच्या वर एक. मानेला डावीकडं दोन. छातीवर एक. सगळे जागच्या जागी.

"झालं समाधान?"

कागद म्हणतो शबनम. माझा हात म्हणतो नाही. वाटलं, महिना झाला, औषध दिलंय, घाबरलीय, विसरली असेल.

पेटी आत गेली. आजूबाजूला नाशिकच्या द्राक्षांची खोकी रचलेली, त्यामधी आम्ही. मी तिच्या तोंडाशी, डॉक्टर बाजूच्या आसनावर. वर चढताना तू सांगितलं तसं गवत देत राहिलो, खात राहिली. तासभर ठीक गेलं. मग विमान हलायला लागलं.

मास्तर, तसं हलणं मी एकदाच अनुभवलंय. तुझ्या गावात दगड उपसत होतो, तेव्हा पायाखालची जमीन परत परत थरथरायची ना, तसं. घोडी डोळे फिरवून मागं रेटायला लागली आणि तिनं पहिली लाथ घातली. फळी तडकल्याचा आवाज आला. दुसरी घातली. डॉक्टर उठले, हातात सुई.

"जलील, बाजूला हो. अजून एक बसली तर मी थांबणार नाही."

"साहेब, दोनच मिनिटं."

"दोन मिनिटांत आपण सगळे खाली जाऊ!"

मी टक् केलं, नाव घेतलं, गाणं म्हटलं. शबनम ज्या ज्या गोष्टीला ऐकते ते सगळं केलं. काही नाही. तिला मी कुणीच नव्हतो. गवत तोंडात घेईना. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी दोन बोटं थुंकीनं ओली केली आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून, जिथं दात नसतात तिथून, आत सारली. बिनआईच्या शिंगराला दूध प्यायला असं शिकवतात. चार वर्षांच्या घोडीला कुणी करत नाही, बोटं तुटतात.

ती थांबली. जीभ गुंडाळली आणि चोखायला लागली. मास्तर, एवढी मोठी घोडी, लेकरासारखी चोखत राहिली. अंग थरथरत होतं, पण पाय खाली राहिले. डॉक्टर सुई धरून तसेच उभे. विमान उतरेपर्यंत मी बोटं काढली नाहीत.

तिथले लोक चांगले होते. ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं, सावलीत नेलं. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, आणि मला तिची ओळख लागेना.

आता तू शिकलेला आहेस, मला सांग. कागद एक सांगतो आणि हात एक सांगतो, तर माणसानं कशावर जायचं?

जलील

•

लातूर
२६ फेब्रुवारी १९९७

प्रिय जलील,

पत्र मिळालं. तू सुखरूप आलास, बास.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कागदावर जा. हात, डोळे, मन, ही सगळी भीतीच्या वेळी फसवतात. चित्र काढणाऱ्यानं शांतपणे काढलेलं असतं, त्याला कुठल्या घोडीचं प्रेम नसतं. तिला महिनाभर कोंडलं, औषध दिलं, ती ओळख विसरली. एवढंच.

एकदा ठरलं की परत उकरू नये. घोडी गेली, पोचली, त्यांनी सही करून घेतली. आता ती होती की नव्हती असं घोळत बसलास तर शिवप्पासारखी गत होईल. माणूस असो की जनावर, एकदा हो म्हटलं की हो.

परीक्षा तोंडावर आल्यात. लांबलचक लिहायला सवड नाही.

शेषेराव

•

घोड्यांचा फार्म, दौंड रस्ता
९ मार्च १९९७

मास्तर,

तुझं पत्र वाचलं. तू रागावलास का, ते समजलं नाही. पण हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, आणि वाचल्यावर तू खरंच रागावशील.

फार्मवर परत आलो. रेशमच्या कप्प्यापुढून जात होतो, दारावर तिच्या नावाची पत्र्याची पाटी. आतून खिंकाळणं आलं. टक् केलं, तर मान बाहेर आली आणि ओठ खांद्यावर. माझी शबनम! मी तसाच मॅनेजरसाहेबांकडं पळालो. म्हटलं, चूक झाली, चुकीची घोडी गेली, माझी इथंच आहे.

त्यांनी मला बसवलं. "जलील, चूक झाली खरी, पण आत्ता नाही. मुंबईत सरकारी डॉक्टरनं कागद लावून बघितले, तर तू ट्रकमध्ये शबनम म्हणून चढवलेली घोडी रेशम निघाली. आणि रेशम म्हणून चढवलेली शबनम. चित्रं त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली आहेत, शिंगरं दूध पीत असतानाची. नावांची अदलाबदल त्यानंतर झाली."

मी म्हणालो, "कोण करील अदलाबदल?"

मग मलाच कळलं.

सप्टेंबर संपताना शिंगरं आईपासून तोडतात. त्याच आठवड्यात तुझ्या गावाची बातमी आली आणि मी कुणाला न सांगता निघालो. अकरा दिवस तुझ्याजवळ होतो. परत आलो तेव्हा सगळी शिंगरं नव्या तबेल्यात, नव्या माणसाच्या हाती. त्यानं विचारलं, "यात तुझी कुठली, मियाँ?" दोन तांबडी शिंगरं, दोघींना टिक्का. मी एकीकडं बोट केलं. ती जवळ आली नाही. मला वाटलं, माझ्या अंगाला वास लागलाय म्हणून येत नाही. दुसरी कोपऱ्यातून ओरडत होती. ती माझ्यासाठी ओरडत होती, मास्तर. सात महिने माझ्या हातानं दूध प्यायलेली. मी तिच्याकडं पाठ केली.

विमानात बोटं चोखणारी तीच होती. तिला आठवत होतं. मी विसरलो होतो. साडेतीन वर्षांनी भेटली, तर मी डॉक्टरला सांगितलं, ही माझी नाही.

आता जे लिहायचं ते.

त्याच अकरा दिवसांत मी आणखी एक ओळखून दिलं होतं. पाऊस होता. चेहरा असा राहिला नव्हता. तू म्हणालास, जलील, तू बघ, माझ्यानं होत नाही. साडी वहिनींची होती, हिरवा चुडा होता. पण तशीच साडी गौरीच्या सणाला नागम्मानंही घेतली होती, दोघींनी एकाच फेरीवाल्याकडून. हे तूच मला वाटेत सांगितलं होतंस. गळ्यात तुटका दोरा होता. वहिनींच्या मंगळसूत्राचा असेल, लिंगायत नागम्माच्या लिंगाचाही असेल. मला नाही समजलं. तू चिखलात बसला होतास, तीन दिवस पोटात काही नव्हतं. मला वाटलं, नाही म्हटलं तर हा आता उठायचा नाही. म्हणून म्हणालो, "हाव, वहिनीच आहेत."

मला ठाऊक नव्हतं, शेषेराव. आजही ठाऊक नाही. हात चुकत नाही अशी घमेंड होती, ती पण गेली.

जलील

•

देगलूर नाका, नांदेड
२ एप्रिल १९९७

मास्तर,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. रजेवर घरी आलो आहे. लातूरला यावं असं रोज वाटतं, यष्टी स्टँडपर्यंत जातो, परत येतो. गौसिया विचारते, काय हरवलं? तिला काय सांगू.

शिव्या दे, पण लिही.

जलील

•

लातूर
२० एप्रिल १९९७

प्रिय जलील,

शिव्या द्यायचा हक्क मला नाही.

तुझं पत्र वाचून चार दिवस शिकवता आलं नाही. फळ्यावर एकच उदाहरण दोनदा सोडवलं, दोनदा वेगळं उत्तर आलं. पोरांना वाटलं, तब्येत बिघडली. मग स्वतःशी कबूल केलं ते तुलाही सांगतो. मीही बघितलं होतं. तू तोंडाशी होतास, मी पायाशी बसलो होतो. कावेरीच्या बोटांत जोडवी घट्ट होती, लग्नापासून निघाली नव्हती. त्या पायांत जोडवी नव्हती, आणि तिथं वळही नव्हता. मी ते बघितलं आणि तुझ्या तोंडाकडं बघत राहिलो. तू हो म्हणावंस म्हणून. तू माझ्यासाठी खोटं बोललास असं तुला वाटतं. मी ते तुझ्याकडून बोलवून घेतलं.

आणि साडेतीन वर्षं शिवप्पाला चहा पाजला.

गुढीपाडवा झाल्यावर नव्या गावठाणात गेलो. तो दारात बसून शेंगा फोडत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. साडी, दोरा, जोडवी, तू, मी. त्यानं शेंगा खाली ठेवल्या. एकच विचारलं :

"जाळलात?"

मी मान डोलावली. त्यांच्यात पुरतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यांच्या आजीला पुरताना मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो.

तो उठून आत गेला आणि दार लावलं. मी ओट्यावर बसून राहिलो. निघून जावं असं दहादा वाटलं. ऊन उतरल्यावर दार उघडलं. शिवप्पानं अंघोळ करून कपाळाला विभूती लावली होती. हातात टोपलं आणि खुरपं.

"जागा दाव," म्हणाला.

जुन्या गावच्या ओढ्याला गेलो. तिथं आता बाभळी माजल्यात, पण जागा मला सापडते. त्यानं खुरप्यानं माती काढली, टोपलं भरलं आणि डोक्यावर घेऊन परत चालत आला. मी मागून. दुसऱ्या दिवशी जंगम बोलावला, शेताच्या बांधाला खड्डा खणला आणि ती माती विधीनं पुरली. चार घरची माणसं आली होती. मला वाटलं, मला हाकलतील. शिवप्पानं मूठभर माती माझ्या हातात दिली.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं राहिलो. मी त्याला म्हटलं, "शिवप्पा, ती नागम्माच होती, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही."

"म्या कुठं नक्की मागलं? लई हिंडलो. आता बसतो."

"आता हिंडायची पाळी माझी. कावेरी कुठं आहे, मला माहीत नाही."

जलील, हे मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोललो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला :

"तू नगं हिंडू. सोलापूर, उस्मानाबाद, लातूर, बिदर, समदी इस्पितळं म्या बघितल्यात. आश्रम बघितलेत, स्टेशनं बघितलीत. एकेका बाईच्या तोंडाकडं बघितलंय. भिंतीला भिंत व्हती आपली. कावेरीला मी वळखलं नसतं व्हय? न्हाई रे ती कुठंच. असती, तर घिऊन आलो असतो."

त्याच्याच ओट्यावर मी रडलो. त्र्याण्णवला रडलो नव्हतो तेवढं.

पुढच्या सुट्टीत ये. आधी गावठाणात जाऊ, शिवप्पा तुला बघायचं म्हणतो.

तुझा
शेषेराव